जर्मनीतला स्टुडंट हेल्थ इन्शुरन्स: दोन वर्षं वापरून मग लिहितेय

मी बडोद्याची, दांडियाबाजारातली. ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनीत मागडेबुर्गला मास्टर्स करतेय आणि आत्ता सुट्टीत घरी आलेय. आल्यापासून एकच प्रश्न चार घरांतून, की इन्शुरन्स कुठला घ्यायचा. समोरच्या काकूंचा मुलगा याच ऑक्टोबरला चाललाय, काकू रोज संध्याकाळी आईकडे येतात आणि विषय फिरून फिरून तिथेच येतो, की तिकडे पोरगा आजारी पडला तर कोण बघणार, पैसे किती लागणार. काकूंची काळजी अगदी खरी आहे, माझ्या आईचीही हीच होती, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. मी जो घेतला तो पब्लिक, म्हणजे तिथली सरकारी कायद्याने चालणारी क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पब्लिकमध्ये उपचारांचा बहुतेक सगळा भाग कायद्यानेच ठरलेला असतो, इकडे तिकडे फरक असतो तो थोडाच.

आधी निवडीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच चुकतात. जर्मनीचा व्हिसा करायचा तर बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, वर्षाचे ११,९०४ युरो त्यात ठेवावे लागतात, आणि ते उघडतानाच बरोबर इन्शुरन्सचं पॅकेज पुढे येतं. त्यात एक पब्लिकवाला आणि एक स्वस्त प्रायव्हेटवाला. अलकापुरीतल्या एका एजंटकडे बाबा आणि मी गेलो होतो, त्यांनी सरळ सांगितलं, "बेन, आ सस्तुं पडशे, बधा आ ज ले छे," म्हणजे ताई, हे स्वस्त पडेल, सगळे हेच घेतात. आकडे बघितले तर कुणालाही तेच वाटेल. प्रायव्हेट महिन्याला ३०-३५ युरो आणि पब्लिक आता जवळपास १४५ युरो, म्हणजे आपले साडेचौदा हजार रुपये दर महिन्याला, आजारी पडा नाहीतर नका पडू. बाबा गप्पच झाले होते. पण माझी एक सिनियर आधीपासून तिथे होती, ती फोनवर म्हणाली की बाकी कुठे पण वाचव, इथे नको.

कारण असं आहे. युनिव्हर्सिटीत नाव घालायच्या वेळी क्रांकनकासेकडून युनिव्हर्सिटीला एक इलेक्ट्रॉनिक मेसेज जावा लागतो, त्याला तिथे एम-१० म्हणतात, त्यात एवढंच असतं की हा स्टुडंट पब्लिकमध्ये इन्शुअर्ड आहे किंवा यातून सूट घेतलेली आहे. प्रायव्हेट घेतलंत की ती सूट मागायची असते, पहिल्या तीन महिन्यांत. आणि एकदा ती सूट मंजूर झाली की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही! पुढच्या सेमिस्टरला पैसे आले, मन बदललं, काही आजार निघाला, तरी स्टुडंट रेटने पब्लिकमध्ये परत यायचं दार बंद. हे एजंटने आम्हाला सांगितलं नव्हतं. एका फॉर्मवर एक टिक, आणि तिचे परिणाम दोन-अडीच वर्षं.

माझ्या फ्लॅटमेटचं हेच झालं. ती सुरतची, थायरॉइडची गोळी कॉलेजपासून चालू. तिने स्वस्तवालं घेतलं होतं, सूट घ्यायच्या कागदावर सही केली होती, आणि पहिल्यांदा ब्लड टेस्टचं बिल पाठवलं तेव्हा उत्तर आलं की हा आधीपासूनचा आजार आहे, यात बसत नाही. तेव्हापासून प्रत्येक टेस्ट, प्रत्येक व्हिजिट ती खिशातून भरते, आणि खरं सांगायचं तर आता ती डॉक्टरकडे जायचंच टाळते. तेवीस वर्षांची मुलगी पैशांपायी थायरॉइडची टेस्ट पुढे ढकलते हे रोज बघताना मला फार वाईट वाटतं. पब्लिकमध्ये हा प्रश्नच नाही, तुम्हाला काय आजार आहे हे कुणी विचारत नाही, मेडिकल टेस्ट नाही, वेटिंग पिरियड नाही, सगळ्या स्टुडंट्सचा हप्ता जवळपास सारखाच. ही पद्धत तिथे १८८३ पासूनची आहे, बिस्मार्कच्या काळची, आणि अजून मूळ कल्पना तीच की सगळ्यांनी भरायचं आणि लागेल त्याने घ्यायचं.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. हा स्टुडंट रेट ३० वर्षांपर्यंतच मिळतो, जे नोकरी करून मग शिकायला जातात त्यांनी वय बघावं. आणि जे थेट डिग्रीला न जाता आधी लँग्वेज कोर्स किंवा स्टुडिएनकोलेग, म्हणजे डिग्रीआधीचा तयारीचा कोर्स, करणार आहेत त्यांना तेवढ्या काळात तो मिळत नाही, तिथे प्रायव्हेटच घ्यावं लागतं, पुढे डिग्रीला नाव घातलं की बदला. अजून एक बारीकसं, २३ पूर्ण झाली आणि मूलबाळ नसेल तर महिन्याला पाचेक युरो वाढतात, मला वाटलं होतं चुकून कापले, पण नियमच आहे तसा. विमानात बसल्यापासून युनिव्हर्सिटीत नाव लागेपर्यंतच्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा लागतो, पॅकेजमध्ये बहुतेक असतोच, तारखा जुळतात का तेवढं बघा.

इन्शुरन्सचं कार्ड पोस्टाने येतं. माझं आलंच नाही. पाच आठवडे मी ईमेल करत होते आणि ते म्हणत होते पाठवलंय, शेवटी कळलं की खाली पत्रांच्या पेटीवर माझं नावच नव्हतं, आधीच्या मुलीचं होतं, आणि तिथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. आपल्याकडे पोळात, म्हणजे गल्लीत, कुणाचंही पत्र असलं तरी पोस्टमनला माहीत असतं कुठलं घर, आणि तो नाहीतर पानवाला सांगतो, त्यामुळे हे डोक्यातच येत नाही. तर रूम मिळाल्या दिवशी पहिलं काम, पेटीवर आणि बेलवर नाव. कार्ड यायच्या आत आजारी पडलात तर क्रांकनकासेकडून एक सर्टिफिकेट मागून घेता येतं, ते डॉक्टरकडे चालतं, मी दोनदा तसंच केलं.

आता रोजच्या वापराचं, आणि इथे माझी तक्रार आहे. छोट्या आजाराला ही सिस्टिम अंगावर येते. आपल्याकडे कसं, ताप आला की रावपुऱ्यात डॉक्टरकाकांकडे जायचं, रात्री नऊला पण बसलेले असतात, दोन मिनिटांत बघून गोळ्या. तिथे आधी हाउसआर्त्स्ट शोधायचा, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि तो तुम्हाला घेईलच असं नाही. पहिल्या हिवाळ्यात मला तीन आठवडे खोकला होता, मी सात ठिकाणी फोन केले, सहा ठिकाणी एकच वाक्य की नवीन पेशंट घेत नाही. एका ठिकाणी तर रिसेप्शनवरच्या बाईंनी माझं जर्मन ऐकून अर्ध्यातच फोन ठेवला, मी त्या दिवशी खूप रडले होते. बुधवारी दुपारनंतर बहुतेक दवाखाने बंद, शुक्रवारी पण. शेवटी सातव्या डॉक्टर मिळाल्या, त्यांच्याकडे सकाळी आठला बिनअपॉइंटमेंटवाल्यांचा एक तास असतो, साडेसातपासून थंडीत दाराबाहेर उभी होते. बाईंनी छाती नीट तपासली, पाच मिनिटं बोलल्या, आणि सांगितलं व्हायरल आहे, चहा प्या, आराम करा, नाही थांबला तर परत या. अँटिबायोटिक नाही, काही नाही. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, महिन्याला एवढे पैसे भरून चहा प्यायला सांगितलं? मला पण राग आला होता तेव्हा. पण खोकला गेला तसाच, आणि आता मला वाटतं की बाई बरोबर होत्या, आपण इथे उगाच फार लवकर अँटिबायोटिक खातो.

म्हणून सांगते, ठणठणीत असतानाच पहिल्या महिन्यात हाउसआर्त्स्ट शोधून एकदा जाऊन नाव घालून या. आजारी पडल्यावर शोधणं फार अवघड जातं. तिमाहीतून एकदा कार्ड मशीनमध्ये घालतात, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असं, म्हणून दर वेळी कार्ड जवळ ठेवा. स्किनचा, हाडांचा वगैरे स्पेशालिस्ट हवा तर बहुतेक वेळा हाउसआर्त्स्टची चिठ्ठी लागते, युबरवायझुंग म्हणतात तिला, पण गायनॅककडे, डोळ्यांच्या आणि दातांच्या डॉक्टरकडे थेट जाता येतं. स्किनवाल्यांनी मला चार महिन्यांनंतरची तारीख दिली होती. तेव्हा हाउसआर्त्स्टनी चिठ्ठीवर अर्जंटचा कोड घालून दिला, तो ११६११७ या डॉक्टरांच्या हेल्पलाइनच्या साइटवर टाकला आणि तीन आठवड्यांत नंबर लागला, जरा लांबच्या गावात, पण लागला. हा कोड आपण होऊन कुणी देत नाही, विचारावा लागतो.

औषधं फक्त अपोथेकेत, म्हणजे तिकडच्या मेडिकलमध्येच मिळतात, साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात नाही. मी गेले तेव्हा गुलाबी कागदावर प्रिस्क्रिप्शन मिळायचं, जानेवारी २०२४ पासून ते ऑनलाइन चढवतात, दुकानात कार्ड दिलं की त्यांना स्क्रीनवर दिसतं. औषध कितीही महाग असो, तुम्ही भरायचे एका औषधामागे कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो.

आणि आता ती रात्र. नोव्हेंबर २०२४, शनिवार. संध्याकाळपासून बेंबीपाशी दुखत होतं, मला वाटलं बाहेरचं खाल्लंय, ओवा खाल्ला, गरम पाण्याची पिशवी घेतली, आणि दहा वाजेपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि मला सरळ उभं राहता येईना. फ्लॅटमेटने ११६११७ ला फोन लावला, हा नंबर जिवावरचं नसेल पण दवाखाने बंद असतील तेव्हासाठी, जिवावरचं असेल तर ११२. तिकडच्या माणसाने इंग्लिशमध्येच विचारलं, ताप आहे का, उलटी झाली का, दुखणं कुठून कुठे गेलं, आणि म्हणाला वाट बघू नका, आत्ता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. टॅक्सीत मी बाबांना फोन केला. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "डिपॉझिट किती मागतायत? मी आत्ता ट्रान्सफर करतो."

त्या प्रश्नाचं कारण मला माहीत होतं. २०२२ मध्ये आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन इथे एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये झालं, मेडिक्लेम होता, कॅशलेस होता, तरी आत घ्यायच्या आधी काउंटरवर पैसे भरायला लावले होते, आणि सोडायच्या दिवशी टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्यांचं, अप्रूव्हल येईना म्हणून ऐंशी वर्षांचा माणूस सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत कपडे बदलून खुर्चीत बसून होता, बाबा खाली-वर फेऱ्या मारत होते. ते बाबांच्या मनातून गेलेलं नाही.

तर मागडेबुर्गच्या काउंटरवर काय झालं ते लिहिते. बाईंनी माझं कार्ड घेतलं, मशीनमध्ये घातलं, एक सही घेतली, हाताला पट्टा बांधला. संपलं. पैशांचा शब्द नाही. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, रात्री एकला ॲडमिट केलं, सर्जन येऊन म्हणाल्या अपेंडिक्स आहे, सकाळी काढू. फॉर्म सगळा जर्मनमध्ये होता, पाच-सहा पानं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शेजारी बसून एकेक ओळ इंग्लिशमध्ये समजावली, ॲलर्जी विचारली, मी घाबरलेय हे बघून थांबून परत सांगितलं. रविवारी सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बुधवारी घरी सोडलं. मधल्या दिवसांत रोज पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, पायात घट्ट पांढरे मोजे, आणि दुसऱ्याच दिवशी नर्सने हात धरून उठवून चालवलं. जेवणाचं मात्र हाल, मी शाकाहारी, रात्री थंड ब्रेड आणि चीज आणि बडीशेपेचा चहा, ऑपरेशन झालेल्या पोटाला मऊ भात-वरण मिळेना म्हणून जीव कासावीस झाला. फ्लॅटमेट मंगळवारी डब्यातून खिचडी घेऊन आली, नर्सला विचारून, ती मी जन्मात विसरणार नाही.

बाबा चारही दिवस विचारत होते, बिल आलं का. मी पण घाबरलेलेच होते, कारण कुणी काही बोलतच नव्हतं. सहा आठवड्यांनी पोस्टाने पाकीट आलं. चाळीस युरो. हॉस्पिटलमध्ये दिवसाला दहा युरो आपले, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे, आले तो आणि गेले तो दिवस दोन्ही धरून माझे चार दिवस. ऑपरेशन, भूल, सोनोग्राफी, राहणं, इंजेक्शनं सगळं त्यात. मी बाबांना फोटो पाठवला तर ते म्हणाले, पुढचं पान पाठव, हे अर्धंच आहे. पुढचं पान नव्हतंच. टाके हाउसआर्त्स्टनी काढले, परीक्षेसाठीचं सर्टिफिकेट त्यांनीच दिलं, आणि माझी जी पार्ट टाइम नोकरी आहे तिचा त्या दोन आठवड्यांचा पगारही मिळाला, कारण नोकरीला महिना उलटून गेला असेल तर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार द्यायचा तिथे कायदाच आहे. दोन वर्षांत मी भरलेले सगळे हप्ते त्या चार दिवसांत मला पटले.

जे यात मिळत नाही ते सांगते. चष्मा नाही, तर इथूनच दोन करून न्या. दातांचं चेकअप आणि साधं फिलिंग मिळतं पण क्लीनिंगचे पैसे बहुतेक वेळा आपले, आणि रूट कॅनाल, कॅप वगैरे जे काही बाकी असेल ते निघायच्या आधी इथे उरकून टाका. रोजची गोळी चालू असेल तर स्वतःपुरती तीन महिन्यांची नेता येते, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि तिच्यावर ब्रँडच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, आपले ब्रँड तिथे कुणी ओळखत नाही.

मनाच्या आजाराचं पण लिहिते, कारण आपल्या घरांत यावर कुणी बोलत नाही. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, आठवडा आठवडा ऊन नाही, आणि माझ्या बॅचमधली दोन मुलं त्या काळात खरोखर खचली होती. थेरपी पब्लिक इन्शुरन्समध्ये बसते पण नंबर लागायला महिने जातात. स्टुडिएरेंडनवेर्क या स्टुडंट्ससाठीच्या संस्थेचं समुपदेशन असतं, ते फुकट आणि त्यामानाने लवकर मिळतं, आधी तिथे जा. आई-बाबांनीही पोरगा फोनवर गप्प गप्प वाटला तर अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणून सोडून देऊ नका.

आणि हे बडोद्यात बसूनच कळलं, की ते इन्शुरन्सचं कार्ड इथे चालत नाही. मागच्या बाजूने ते युरोपातल्या देशांत चालतं, भारतात नाही. मागच्या आठवड्यात मला ताप आला, डेंग्यूची टेस्ट झाली, निगेटिव्ह निघाली, पैसे आपलेच. बाबांनी माझं नाव घरच्या मेडिक्लेममधून काढलेलं नाही म्हणून निर्धास्त होते. ज्यांच्या घरी तसं नाही त्यांनी सुट्टीपुरती पॉलिसी घ्या, फक्त विचारून घ्या की स्वतःच्या देशात चालते का, काहींत तेवढंच वगळलेलं असतं.

मार्क द्यायचे तर मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो त्या सहा फोनचा आणि थंडीतल्या रांगेचा.

काल काकूंचा मुलगा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला होता, स्वस्तवाल्यावर आधीच टिक केलेली होती. आम्ही दोघांनी बसून पूर्ण पान वाचलं, बाबा आतून ती चाळीस युरोंची फाईल घेऊन आले, आजोबांच्या मेडिक्लेमच्या कागदांबरोबरच ठेवलीय त्यांनी ती, आणि त्याच्यासमोर उघडून ठेवली. त्याने टिक बदलली. मग मी त्याला त्याच्या नावाचे चार स्टिकर प्रिंट करून दिले, दोन पेटीसाठी आणि दोन बेलसाठी, पासपोर्टवर आहे अगदी तेच स्पेलिंग घालून.